सातवा रेडिएटर

६ एप्रिल, रविवार

पुण्याच्या एका मासिकाला मी दर महिन्याला टूवूंबाहून पत्र पाठवते. त्यात सूर्यास्त असतो, फुलं असतात, ऑस्ट्रेलियन माणसाचा साधेपणा असतो आणि शेवटी एखादी संस्कृत ओळ. संपादकांना तेवढंच आवडतं. जे त्यात बसत नाही ते इथे.

आज बसत नाही ते असं, की आमच्या सासूबाई परत जायचं म्हणताहेत.

जेवता जेवता अगदी सहज म्हणाल्या, "हृषी, माझं जुलैचं तिकीट काढून ठेव. मला इथली थंडी सोसायची नाही."

मी उकडतंय म्हणून खिडकी उघडून वरण वाढत होते. पण ते असो.

हृषिकेशचा घास हातातच राहिला. परत जायचं म्हणजे सहकारनगरचा तिसरा मजला. लिफ्ट नाही. गेल्या दिवाळीत आई न्हाणीघरात पडल्या आणि पोळ्यांच्या बाई येईपर्यंत फरशीवरच पडून होत्या. त्यानंतर आम्ही त्यांना इकडे आणलं. हृषिकेश सगळ्यांना सांगतो, "आई आता कायमची आलीये." आईंनी तो शब्द अजून उच्चारलेला नाही.

"थंडीच ना?" तो म्हणाला. "थंडी माझ्यावर सोड."

आणि त्याची नजर भिंतीकडे गेली.

भिंतीला रेडिएटर आहे. घरात असे सात आहेत. शंभर वर्षांपूर्वी एका इंग्रज डॉक्टरने हे घर बांधलं. सगळं क्वीन्सलंड घामाने निथळत असतं, पण टूवूंबा डोंगरमाथ्यावर आहे. हिवाळ्यात इथे गवत सकाळी पांढरं असतं. डॉक्टरने बोटीने बॉयलर आणवला आणि त्याच्यासोबत बिडाचे हे सात राक्षस. पाणी तापायचं, पाइपांतून फिरायचं, बीड तापायचं, खोली उबदार व्हायची. नंतरच्या सगळ्या मालकांनी ते बंद ठेवून त्यांच्यावर कुंड्या ठेवल्या. मीही ठेवल्या.

हृषिकेश इथल्या हॉस्पिटलात यंत्रं दुरुस्त करतो. मेलेल्या यंत्राकडे तो ज्या प्रेमाने बघतो तसं माझ्याकडे शेवटचं कधी बघितलं होतं, ते मी आठवून पाहिलं. मग कुंड्या उचलायला लागले.

९ एप्रिल

प्लंबर येऊन गेला. गुडघ्यावर बसून त्याने रेडिएटरच्या पोटाखाली टॉर्च मारला, बोटाने रंग खरवडला, उठला.

"मेट, हे काढून फेकून दे. स्प्लिट सिस्टिम लाव. एका आर्व्होत होईल."

"पण हे ओरिजिनल आहे," हृषिकेश म्हणाला.

"मीही तेच म्हणतोय."

आर्व्हो म्हणजे दुपार, आणि स्प्लिट सिस्टिम म्हणजे एसीच, पण गरम हवेचा. आईंनी लगेच नकार दिला. तोंडावर वारा नको, घसा कोरडा पडतो, फेब्रुवारीत आल्यापासून तसाही कोरडाच आहे म्हणाल्या, दिवसभर वापर नसतो ना. मी त्यांना गुळण्यांसाठी हळद-मिठाचं पाणी करून दिलं.

शेवटी तह झाला. बॉयलर आणि पाइप प्लंबर बघणार, कारण त्याला परवाना लागतो. "ती हाडं मात्र तुझी तू सांभाळ," म्हणाला आणि नो वरीज म्हणत निघून गेला. आम्हाला मात्र वरीज आहेत. सात.

तो गेल्यावर आईंनी रेडिएटरवरून हात फिरवला. टिचकी मारून आवाज ऐकला. "अगं चारू, हे बीड आहे की! आपल्या घावनाच्या तव्यासारखं."

१४ एप्रिल

तिकीट काढलं. १४ जुलै. आईंनी बॅग पलंगाखालून बाहेर काढून खोलीत उभी करून ठेवली आहे. हृषिकेश त्या खोलीत जाताना तिच्याकडे बघत नाही.

बाकी आईंचं छान चाललंय. मी लायब्ररीत, हृषिकेश हॉस्पिटलात, त्यामुळे त्यांना पूर्ण निवांतपणा. खिडकीत बसून रस्ता बघतात. रस्त्यावर काही नसतं. बस केव्हातरी येते, तीही रिकामी. जन्मभर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, घरी माणसांचा राबता, अशी शांतता त्यांना पुण्यात कुठली मिळायला!

१९ एप्रिल, शनिवार

आज रेडिएटर उचलले. एकेक रेडिएटर म्हणजे दोन जाड नवरे. इथल्या महाराष्ट्र मंडळातली चार माणसं आली होती आणि त्यांत विराज. विराज हॉस्पिटलात एक्स-रे काढतो, नागपूरचा आहे, आणि आमच्याकडे हक्काने जेवतो.

विराज म्हणाला, "तीनला उचलायचं. एक, दोन—"

बाकीचे चौघे एकदम, "गणपती बाप्पा—"

"मोरया!" आई आतून.

"कुठलाही बाप्पा चालेल," विराज ओरडला, "पण तो डावा कोपरा उचला रे!"

सवय बघा. दहा दिवसांच्या उत्सवात जड वस्तू उचलायचा हा एकच मंत्र शिकलेली पिढी. दरवेळी जिन्यावरून रेडिएटर उतरताना "पुढच्या वर्षी लवकर या" झालं. शेजारचा डॉन कुंपणापाशी हॅट काढून उभा होता. हा ऐंशीच्या घरातला, एकटा राहणारा, कमी बोलणारा माणूस. त्याने मला हळूच विचारलं, "कोण गेलं?"

मी म्हटलं, "कोणी नाही, हीटिंग आहे."

तो हॅट घालून आत गेला.

सातही जण गावाबाहेरच्या एका शेडमध्ये वाळूच्या माऱ्याखाली जुना रंग काढून घ्यायला गेले आहेत.

२ मे

सात जण परत आले. करडे, उघडेवाघडे, लाजल्यासारखे. अंगणात कॅम्फर लॉरेलच्या झाडाखाली रांगेत उभे केलेत. हृषिकेश उद्या प्रायमर मारणार. नागव्या लोखंडाला एका रात्रीत गंज चढतो, म्हणून ताडपत्री घातली.

३ मे, शनिवार

हृषिकेशला सकाळी इमर्जन्सी म्हणून बोलावलं. मी बाजारात गेले. घरी आई.

आल्यावर बघितलं, तर शेवटचा रेडिएटर चकाकत होता. आई शेजारी पाटावर बसून हात पुसत होत्या.

"काय केलंत आई?"

"तेल लावलं. बीड आहे ना? कोरडं ठेवलं की गंजतं. नव्या तव्याला आपण काय करतो? कांदाही चोळणार होते, पण एवढ्याला कांदे कुठून आणू?"

"आणि बाकीचे सहा?"

"शेंगदाण्याचं तेल संपलं."

मी विचार केला, हृषिकेश आला की सांगू. पण तो आला ते उजेड संपता संपता, शिट्टी वाजवत, हातात स्प्रे-गन. मी पोळ्या करत होते. तव्यावरची पोळी सोडून इंजिनिअरमागे धावायचं नाही, हे मी लग्नात शिकले.

४ मे

सहा वाळले. सातवा वाळत नाही.

आणि रंग! कुठल्याशा खाणीच्या यंत्रांसाठीचा प्रायमर सवलतीत मिळाला म्हणून याने घेतला. डब्यावर नाव सेफ्टी ऑरेंज. इंग्रजीत नाव काहीही असो, आपल्या डोळ्यांना तो शेंदूर आहे. खाली तेल, वर शेंदूर. झाडाखाली दोन विटांवर उभा, ओलसर, तुळतुळीत.

"कोणी याला हात लावला होता का?" हृषिकेशने विचारलं.

मी आईंकडे पाहिलं. आईंनी आभाळाकडे पाहिलं.

बाकीच्या सहांना आता साईरंगाचा, उष्णता सोसणारा पेंट बसेल. सातव्याचं तेल काढून पुन्हा सगळं करावं लागणार. हृषिकेश म्हणतो, सवड झाली की. तोवर तो झाडाखालीच राहणार आहे. तो आईंच्या खोलीतला आहे. त्या खिडकीखाली दुसरा कुठला मावत नाही, बाकी सगळे लांबीला जास्त आहेत.

९ मे

ऋता डबा परत करायला आली. ही युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, नर्सिंग शिकते, कोपऱ्यावरच्या घरात दोन मुलींबरोबर राहते. मागच्या दाराने अंगणातून आली. झाडापाशी थांबली. शूज काढले. हात जोडले, डोळे मिटले, कपाळाला बोट लावलं. बोटाला रंग लागला. तोही कपाळाला लावला.

मी खिडकीतून बघत होते. तिने विचार केलाच नाही. झाडाखाली शेंदूर दिसला की मराठी माणसाचे हात मेंदूला न विचारता जुळतात. शास्त्रात याला अध्यास म्हणतात, एका वस्तूवर दुसऱ्या वस्तूचा आरोप. इतकं स्वच्छ उदाहरण मला एम.ए.ला मिळालं असतं तर पहिला वर्ग आला असता.

"आजी, हा कुठला देव?" ऋताने विचारलं.

"घरचाच आहे," आई म्हणाल्या.

तसं पाहिलं तर खोटं नाही.

मग ऋता तिथेच पायरीवर बसली आणि आईंना आपलं दुःख सांगू लागली. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये ती सारखी नापास होते. इथे गाडीशिवाय माणूस म्हणजे पांगळा. हॉस्पिटलची शिफ्ट सकाळी सहाला, तेव्हा बस झोपलेली असते. सोमवारी पुन्हा टेस्ट आहे.

"रिव्हर्स पार्किंगला गाडी कर्बवर चढते हो आजी. मी नाही चढवत, तीच चढते."

"बोल नवस," आई म्हणाल्या.

१२ मे

ऋता पास झाली.

१३ मे

हृषिकेश आज तेल काढायचं रसायन घेऊन झाडाखाली गेला, तर रेडिएटरसमोर कॅमेलियाची फुलं, एक उदबत्ती आणि एल-प्लेट. पिवळी, शिकाऊ ड्रायव्हर गाडीला लावतात ती. ऋताने रेडिएटरच्या फटीत खोचून ठेवली होती. नवस फेडला.

"चारू, हे काय आहे?"

"भक्ती."

"हा रेडिएटर आहे!"

"ते तुझं मत झालं."

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न. ऋता कोणाची तरी जुनी गाडी घेऊन आलेली. आई साडीवर स्वेटर, स्वेटरवर शाल, पर्स, चष्मा अशा तयार. पिकनिक पॉइंटला निघाल्या. डोंगराच्या कड्यावरून दरी दिसते तिथे.

"आई, तुम्हाला आधी सांगायचं नाही का? मी नेलं असतं!"

"अगं, नवसाचा नियम आहे तो. पास झालं की गाडी देवाला दाखवायची, आणि त्याच दिवशी एका म्हाताऱ्या माणसाला फिरवून आणायचं."

या देवाचे नियम आईंना कुठून कळले, कोणास ठाऊक. मी वेदांगांपर्यंत जाऊन आले आहे, मला कुठे सापडले नाहीत.

२२ मे, गुरुवार

बातमी पसरली. युनीतल्या मुलांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर आमचा पत्ता गेला. आज संध्याकाळी झाडाखाली नऊ जोड चपला-बूट. ओजस नावाच्या मुलाने आरतीच्या चालीवर 'जय देव जय देव' सुरू केलं आणि पुढे देवाचं नाव काय घ्यायचं म्हणून अडला. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्याकडे बघू नकोस, मी स्वयंपाकात आहे.

शेवटी 'परवानेश्वर' ठरलं. हे आईंना सुचलं. संधी बरोबर आहे, त्याबद्दल बोलता येत नाही.

आईंनी नियम वाढवलेत. टेस्टच्या आधीच्या गुरुवारी यायचं. आल्यावर निदान तासभर बसायचं, कारण देवाला घाई आवडत नाही. आजीला आपलं गाव, आई-वडील, परीक्षा, इथली खोली याबद्दल नीट सांगायचं, कारण देवाला ऐकू कमी येतं, आजीमार्फत सांगावं लागतं.

माझा मुख्य आक्षेप प्रसादाच्या शिऱ्याला आहे. तूप माझं जातं.

२९ मे

आज डॉन आला. हातात थंड बिअर. पंच्याहत्तरीनंतर इथे गाडी चालवायची तर डॉक्टरचा दाखला लागतो. उद्या त्याची तपासणी आहे आणि डोळ्यांची त्याला धाकधूक आहे. लायसन्स गेलं की तोही खिडकीत.

"हे फक्त इंडियन लायसन्सचं बघतं," त्याने आईंना विचारलं, "की सगळ्यांचं?"

आईंनी शाळेतल्या इंग्रजीत उत्तर दिलं, "ऑल रोड्स."

त्याने बिअर देवापुढे ठेवली. आई म्हणाल्या, हा देव बिअर घेत नाही.

"नो वरीज," म्हणत त्याने ती परत उचलली, उघडली, खुर्ची ओढून बसला आणि स्वतः प्यायला. प्रसादाची कल्पना या माणसाला कोणी न शिकवता समजली.

३१ मे

डॉन पास. हॅट काढून देवाला सांगायला आला. आई त्याच्या यूटमध्ये, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीत, पुढच्या सीटवर बसून गवताच्या गंजी बघून आल्या. आल्यावर मला भूगोल सांगत होत्या, ही इथली लाल माती म्हणजे जुन्या ज्वालामुखीची, आपल्या दख्खनसारखी. त्यांचा घसा आता बरा आहे. हळद-मीठ कधीच वाया जात नाही.

७ जून, शनिवार

थंडी आली. सकाळी गवत पांढरं, श्वासाची वाफ. हृषिकेश अस्वस्थ. सहा रेडिएटर जागेवर बसले, बॉयलरही आला, पण आईंच्या खोलीत भिंतीतून दोन पाइप नुसते बाहेर आलेत, टोकांना बुचं. आणि शेजारी ती बॅग.

"पंधरवड्यात तो सातवा आत आला पाहिजे," तो म्हणाला. "आई थंडीमुळे जातेय. थंडी तिच्याच खोलीत राहिली तर मी इतके दिवस काय केलं?"

त्याचं काय चाललंय ते मला कळतं. तिकडे आई फरशीवर पडल्या होत्या तेव्हा हा इथे कोणाच्या तरी व्हेंटिलेटरचा बोर्ड बदलत होता. ते तो बोलत नाही. लोखंड घासतो.

आज त्याने झाडाखाली जाऊन जाहीर केलं की रेडिएटर आत न्यायचाय. सहा भक्त उभे होते.

"काका, देव हलवत नाहीत," ओजस म्हणाला. "माझी मंगळवारी टेस्ट आहे."

"हा देव नाही रे! याच्यातून पाणी फिरतं!"

"गंगा फिरते शंकराच्या जटांतून," ऋता म्हणाली. "म्हणून काय त्याला नळाला जोडायचं?"

हृषिकेशने माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याला माझ्या पदवीची गरज पडली.

८ जून

रात्रभर शास्त्रार्थ मनात चालू होता. सकाळी आईंपुढे मांडला. प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, मंत्र नाहीत, मुहूर्त नाही. ज्यात देव बोलावलाच नाही त्याचं विसर्जन करायची गरज नाही. सबब रेडिएटर हा रेडिएटर.

आईंनी ऐकून घेतलं. शाळेत उत्तर चुकलेल्या मुलीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"आणि रोज संध्याकाळी जे येतात, ते कोणासाठी येतात?"

"अज्ञानापोटी, आई."

"असेल," त्या म्हणाल्या. "पण येतात ना?"

हा काही शास्त्रीय प्रतिवाद नव्हे. मी तसं म्हटलंही. त्या रवा भाजायला निघून गेल्या.

१४ जून, शनिवार

मार्ग सापडला: विराज. विराज बौद्ध. परवानेश्वरापुढे त्याने एकदाही हात जोडलेले नाहीत, शिरा मात्र दोनदा घेतो. मी त्याला फोन केला.

"वहिनी, त्यात काय! मला ते पहिल्या दिवशी लोखंड होतं, आजही लोखंडच आहे. ट्रॉली घेऊन येतो."

आला. मी आणि हृषिकेश खिडकीत दबा धरून. विराज ट्रॉली ढकलत झाडाखाली गेला. आई तिथेच, शाल गुंडाळून, शेजारी डॉन. आईंनी काहीतरी म्हटलं. विराज उभा राहिला. मग बादली उलटी करून तिच्यावर बसला. आई बोलत होत्या. आम्हाला ऐकू येत नव्हतं. त्यांनी हाताने आमच्या घराची खिडकी दाखवली, मग रस्ता, मग झाडाखालच्या रिकाम्या खुर्च्या. विराज मान खाली घालून ऐकत होता. मग शिरा आला. मग चहा.

तासाभराने रिकामी ट्रॉली घेऊन तो आत आला.

"वहिनी, राहू दे ते तिथेच."

"विराज, तूसुद्धा?"

"लोखंडच आहे ते. पण बरोबर जागी आहे." मग म्हणाला, "हृषीदादा, त्या खोलीला कशाला हवाय रेडिएटर? त्या खोलीत आई असतात कधी?"

"रात्री असते!" हृषिकेश ओरडला.

"रात्री गोधडी असते," विराज म्हणाला आणि निघून गेला.

तुपात भाजलेल्या रव्यापुढे कोणतंही तत्त्वज्ञान टिकत नाही, एवढाच याचा अर्थ.

२१ जून, शनिवार

बॉयलर पेटला. आधी भिंतींच्या आत कोणीतरी हातोडा मारतंय असा आवाज. मग ढेकर. हृषिकेश छोटी किल्ली घेऊन एका रेडिएटरकडून दुसऱ्याकडे धावत अडकलेली हवा सोडत होता. प्रत्येकजण फुस्स करून तोंडावर काळं पाणी उडवायचा. हा आनंदाने "चालू झाला, चालू झाला!" असं ओरडायचा, चेहरा कोळशाच्या खाणीतल्यासारखा.

आणि खरंच तापले. हॉलमधला, जेवणघरातला, जिन्याखालचा. शंभर वर्षांची ऊब पुन्हा आली. ओली कापडं वाळली, विरजण पहिल्यांदा घट्ट लागलं. मी हॉलमधल्या साईरंगाच्या राक्षसाला पाठ टेकून उभी राहिले आणि त्या इंग्रज डॉक्टरला मनातल्या मनात नमस्कार केला.

फक्त आईंची खोली गार.

रात्री जेवणानंतर हृषिकेश त्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसला होता. पाइपांच्या दोन बुचांकडे बघत.

"चारू, सहा खोल्या गरम केल्या मी. जिच्यासाठी केल्या, तिचीच राहिली."

मी शेजारी बसले. इथे एखादी संस्कृत ओळ सुचायला हवी होती. सुचली नाही. त्याच्या कपाळावरचा काळा डाग पदराने पुसला. आई कुठे होत्या? बाहेर. डॉनने झाडाखाली जुन्या पिंपात शेकोटी केली होती, ऋता आली होती, कोणीतरी हसत होतं.

३ जुलै, गुरुवार

एअरलाइनचं स्मरणपत्र आलं. हृषिकेशने कोणाला काही न सांगता दुकानातून तेल भरलेला प्लगचा हीटर आणून आईंच्या खोलीत लावला. आईंनी तो ओजसला देऊन टाकला. त्याच्या खोलीत फार गारठा आहे म्हणे.

याचा अर्थ स्पष्ट आहे, हृषिकेश म्हणाला. जायचं ठरलंय तिचं.

मलाही तसंच वाटलं.

१० जुलै, गुरुवार

आज हृषिकेश बॅगेचं वजन करायला गेला. विमानतळावर आईंची धावपळ नको म्हणून. बॅग उचलली आणि आतून खडखड आवाज आला. भांडी नेताहेत की काय म्हणून त्याने उघडली.

बॅगेत एल-प्लेटा. काठोकाठ. पिवळ्याजर्द. काहींवर मागे स्केचपेनने नावं, 'आजींना', 'थँक यू परवानेश्वर', एकीवर डॉनच्या थरथरत्या अक्षरात काहीतरी, त्याला तर कधी एल-प्लेट लागलीच नसेल, कुठून आणली देव जाणे.

तो बॅग तशीच उचलून अंगणात घेऊन गेला. मी मागून.

झाडाखाली आई खुर्चीत बसलेल्या. दोन मुली पायांशी, डॉन शेजारी. पश्चिमेचा वारा असा की माझे दात वाजत होते.

"आई, हे काय? तुझे कपडे कुठेत?"

"कपाटात. थंडीत बाहेर बसायचं म्हणजे लागतात ना हाताशी."

"अगं, पण सोमवारी तिकीट आहे तुझं!"

आईंनी त्या दोन मुलींकडे बोट दाखवलं. "सोमवारी? सोमवारी हिची टेस्ट. मंगळवारी तिची. ऋताची पहिली नाइट शिफ्ट बुधवारी, डबा द्यायचाय. आणि डॉनला घावनं खायचीत, त्याला मी शब्द दिलाय. सोमवारी कशी जाऊ?"

"मग कधी?"

"हे ऑल रोड्स झाल्यावर," आई म्हणाल्या आणि मुलीकडे वळल्या. "हं, तर तुझी आई काय म्हणाली मग?"

हृषिकेशने बॅग झाडाच्या बुंध्याशी ठेवली, आत गेला आणि तिकीट रद्द केलं. किती पैसे कापले गेले ते विचारायचीही मला इच्छा झाली नाही, कारण तो स्वयंपाकघरात उभा राहून रडत होता आणि शेजारी हॉलमधला रेडिएटर मंद आवाजात ढेकर देत होता.

१२ जुलै, शनिवार

मासिकाचं पत्र आज लिहून टाकलं. विषय: उबेचं महत्त्व. जिद्दी मुलाने शंभर वर्षांचं जुनं बीड पुन्हा तापवलं आणि थंडीला घाबरून परत निघालेली आई राहिली. कार्यकारणभाव इतका सरळ आहे की शेवटी संस्कृत ओळ टाकायचीसुद्धा गरज पडली नाही. विराजला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "छान आहे वहिनी," आणि उगीचच खोकला.

सातव्याचं काय करायचं, ते हृषिकेशने सोडून दिलंय. प्रायमर अजूनही वाळलेला नाही.

आज सकाळी बाहेर दहिवर पडलं होतं. घर मात्र आता इतकं छान उबदार झालंय, की आई दिवसभर अंगणात बसतात.